डब्यामागची बारीक अक्षरे
बायकोने परवा सीताबर्डीतून कोलॅजन (त्वचेतले एक प्रथिन) पावडरचा डबा आणला. समोर ‘तरुण त्वचा’ ठळक; ‘औषधी वापरासाठी नाही’ मात्र मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेजारी मांसाहाराची तपकिरी खूण. माशाच्या कातडीची पावडर! आमच्याकडे चतुर्थीला कांदाही चालत नाही.

पोटात गेल्यावर या कोलॅजनचीही इतर प्रथिनांसारखीच अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) आणि त्यांच्या छोट्या साखळ्या, म्हणजे पेप्टाइडे, होतात. ती नेमकी गालावरच जातील कशावरून? 2025 मध्ये कोलॅजनच्या 23 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत त्वचेला फायदा दिसला नाही. कायद्याने हे अन्न, त्यामुळे औषधासारख्या चाचण्या विक्रीआधी लागत नाहीत. अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआयने ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना निदान डब्याच्या दर्शनी भागावर तरी छापायला लावावी.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर