दर रविवारी सव्वाआठला

कोलोन, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, पोळ्याही जमतात, तेव्हा तो विषय नको.

आई, "तिकडे इतके खून होतात का गं?" म्हणालीस. नाही गं! ते खून मी दर रविवारी बघते त्या 'टाटोर्ट' नावाच्या पोलीस मालिकेतले, मालिका १९७० पासूनची. आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला सुरू. दीड तास, मध्ये एकही जाहिरात नाही. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र, म्हणजे त्यापायी मी फोन टाळते असं मनात आणू नकोस.

खून नुसतं निमित्त. नऊ प्रादेशिक वाहिन्या आळीपाळीने भाग करतात, प्रत्येकीचं शहर वेगळं, पोलीस वेगळे. आज म्युनिक, पुढे ड्रेस्डेन. कुठे काय बिनसलंय ते त्यातून कळतं. ऐंशीच्या दशकात ड्युइसबुर्गचा इन्स्पेक्टर शिमान्स्की मळक्या जॅकेटात पोलाद कारखान्यांच्या धुराड्यांखाली हिंडायचा. पण तुर्की कामगार आणायचा करार १९६१ चा आणि तुर्की वंशाचा नायक आला २००८ ला, हॅम्बुर्गच्या भागांत. इतकी वर्षं काय करत होते कोण जाणे.

थोडी बनवाबनवीही असते. आमच्या कोलोनचे दोघे पोलीस ऱ्हाइनकाठी गाडीवर सॉसेज खातात, मागे कॅथेड्रल. गाडी खरी आहे, पण एरवी पलीकडच्या काठावर असते. तिथून मागे कॅथेड्रल येत नाही, म्हणून शूटिंगपुरती अलीकडे आणतात.

बाबा, टीव्ही नसताना पैसे कसले भरतेस, हे तुमचं रास्त. पण इथे या सार्वजनिक वाहिन्यांची वर्गणी घरामागे आहे, टीव्हीमागे नाही. महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. पत्ता नोंदवला की वर्गणीवाल्यांचं पत्र येतंच, एका घरात तिघी असलो तर तिघींनाही. मग एकीच्या नावावर खातं ठेवायचं आणि बाकी दोघींनी उत्तरात तिचा खातेक्रमांक कळवायचा. पत्र बाजूला टाकलं तर ते परस्पर खातं उघडतात, थकबाकी चढते, वर दंड. माझ्या वाट्याला ६.१२ येतात, उधळपट्टी नाही.

आत्याने आणलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा दिसतो. नाही म्हणत नाहीये, दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं.

ऑपरेशनचे पैसे पाच तारखेला पाठवते. आई, त्या आठवड्यात मला सुट्टी मिळत नाहीये. डोळ्याला पट्टी असेल तेव्हा जिना एकटीने उतरू नकोस, दादाला थांबवून घे.

तुमची,
मनू