खजिनदारास पत्र

प्रिय बारक्या,

चार महिने ना पत्र, ना फोन. शिव्या आत्ताच घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत ठीक. कंबर धरते, गोळ्या चालू आहेत. तुझ्या वहिनीचं बीपी ताब्यात आहे. झालं.

काल संध्याकाळी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, लावली, तिचे पाय टेकवतोय तोवर वहिनी दोन आइस्क्रीम घेऊन आली. मी म्हणालो, "हे कुठल्या खात्यात टाकायचं?" बोललो आणि मलाच चटका बसला. वाक्य तुझं होतं लेका, शब्दन् शब्द! तू खजिनदार होतास त्या सहलीत मी सगळ्यांना सरबत पाजलं तेव्हा तू हेच विचारलंस आणि मी तुझी वही एसटीच्या टपावर भिरकावली. वहिनी हसत सुटली, तिला त्यातलं काही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

भानगड अशी आहे. प्रवास 26 आठवड्यांचा. आज 11वा चालू आहे आणि याच वेगाने पैसे गेले तर 19व्या आठवड्यात खडखडाट. उधळपट्टी म्हणशील तर नाही. चूक मी निघण्याआधीच, घरच्या टेबलावर बसून, शांत डोक्याने केली. घरभाडं महिन्याला येतं. त्याचे चार भाग केले आणि एकेक भाग आठवड्याला मोकळा सोडला. सहा महिने म्हणजे 24 आठवडे धरले की रे! दोन अख्खे आठवडे हवेतच राहिले. गणितात तुझी उत्तरं बघून पास झालेला माणूस दुसरं काय करणार.

दुसरा खड्डा याहून मोठा. नुसती गाडी लिटरला 14 किलोमीटर जायची, तोच आकडा धरला. मागे घर ओढायला लागल्यावर ती 8 वर आली. त्यात पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात 3,200 किलोमीटर मारले. 229 लिटरचा हिशोब होता, लागलं 400. आणि मी मूर्खासारखा वहिनीच्या भाजीतले चार पैसे वाचवत होतो. आता ताशी 100 चा वेग 80 वर आणलाय. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे एवढ्यानेच तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतो. गाडी लिटरला साडेनऊ किलोमीटरवर आली. मागचे हॉर्न मारतात, मारू देत. टाकीत पाणीही पुढच्या नळापर्यंत पुरेल एवढंच घेतो. 80 लिटर म्हणजे 80 किलो, म्हणजे तुला मागे बसवून फिरवल्यासारखंच. (आता किती आहेस? खरं सांग.)

आठवड्याला एकच आकडा ठरवायचा, हेच मुळात चुकतं. एका आठवड्यात सिलिंडर संपतो, सर्व्हिसिंग येतं आणि आकडा फाटतो. पुढच्या आठवड्यात गाडी जागची हलत नाही, तर आपण फार काटकसरी झालो असं वाटायला लागतं. म्हणून तीन खाती केलीत: चाकं, रात्र, तोंड. चाकांचं किलोमीटरवर, त्यात टायरची झीजही. रात्रीचं मुक्कामावर. तोंडाचं दिवसावर. घरी मागे राहिलेला विमा, फोन, हप्ते यांची वर्षाची बेरीज भागिले 52. तू म्हणशील, हे मी वीस वर्षांपूर्वी सांगत होतो. सांगत होतास. पण तुझा सूर असा असायचा की ऐकावंसं वाटायचं नाही, हेही खरंच.

यातलं फक्त चाकांचं खातं आपल्या हातात आहे. तोंड बंद ठेवता येत नाही. रात्रीच्या खात्यात वाचवायला बघितलं, वीज नसलेल्या फुकट जागी राहिलो. पण फुकट रात्र फुकट नसते. बॅटरी 100 अँपिअर-अवर साठवणीची, साधी लेड-अ‍ॅसिड. निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. मग फ्रीज गॅसवर टाकायचा, म्हणजे सिलिंडर लवकर. तिसऱ्या दिवशी पाणी शोधत वीस किलोमीटर. त्यापेक्षा एका जागी सात रात्री राहिलं तर बरेच कॅम्पसाइटवाले दर उतरवतात, आणि चाकं उभीच. परवा वहिनीला म्हटलं, चल, इथेच पंधरा दिवस थांबू. ती म्हणाली, घरीच थांबलो असतो की.

पावत्या डॅशबोर्डवर रबरबँड लावून ठेवल्या होत्या. काल जमाखर्चाला काढल्या, तर उन्हाने निम्म्या पुसट. एकीवर नुसता 7 दिसतो, पुढे-मागे काय होतं देव जाणे. आता पैसे दिले की तिथल्या तिथे वहीत टिपतो, हो, वहीत. हस!

आणि एक, जे वहिनीलाही सांगितलेलं नाही. गादीखाली एक पाकीट ठेवलंय. गाडी बंद पडली तर ओढून न्यायला आणि दोघांना घरी पोचायला पुरेल एवढं. ते भरताना तुझी आठवण झाली. त्या सहलीत उरलेले पैसे तू दाबलेस असं मी सगळ्यांत बोललो होतो. परतीचं भाडं तू त्यातूनच दिलंस, हे मला तिकिटं हातात आल्यावर कळलं, आणि तरी मी गप्प बसलो. आता इतक्या वर्षांनी काय बोलायचं. चुकलो, एवढं लिहितो.

बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल लागला का? काकूंच्या गुडघ्याबद्दल दादाकडून कळलं, त्यांना नमस्कार सांग. सविस्तर पुढच्या पत्रात.

वहीच्या दोन पानांची नक्कल सोबत ठेवलीय. लाल पेन घेऊन बस. 26व्या आठवड्यापर्यंत पोचतोय का एवढंच सांग, बाकी टोमणे भेटल्यावर.

तुझा,
सरबतवाला

ता.क. आइस्क्रीम 'तोंड' खात्यात टाकलं. बोलाचालीत माझं वितळलं, तेही टाकलंय.