मात्रा कुठे द्यायची, हे विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याचा शेवटचा पेपर सुटल्याचे कळले, तेव्हाच पहिले पत्र आपल्याला लिहायचे ठरवले होते. शब्द जुळवण्यात आठवडा गेला, त्याबद्दल क्षमा असावी.

आपल्याकडे तांत्रिक इंग्रजी शिकायला येण्यापूर्वी मी ज्या शिकवणीत वर्षभर पैसे भरले, तिथे शब्दांची एक जाडजूड यादी पाठ करायला दिली होती. तीत ब्लीड म्हणजे रक्तस्राव, क्रीप म्हणजे सरपटणे आणि फटीग म्हणजे थकवा असे छापले होते, आणि हे इंजिनाला कसे लागू पडते असे विचारल्यावर ‘मराठी माध्यमवाल्यांनी या भानगडीत पडू नये’ एवढेच उत्तर मिळाले.

आपण मात्र वडील काय करतात ते विचारलेत. निफाड तालुक्यात त्यांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे, हे मी संकोचानेच सांगितले. आपण एक झिजलेला बोल्ट माझ्या हातात देऊन म्हणालात, “वडील याला काय म्हणतील?” मी म्हणाले, “आटे गेलेत.” वर्ग हसला. आपण हसला नाहीत. स्वतःची वही उघडून, मराठी मातृभाषा नसतानाही, तो शब्द देवनागरीत लिहू लागलात आणि मात्रा कुठे द्यायची ते मला विचारलेत. इंग्रजीतले ‘थ्रेड’ आणि ‘स्ट्रिप्ड’ त्यानंतर फळ्यावर आले.

बेअरिंगला ‘प्ले आलाय’, म्हणजे ते सैल झालेय, हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण तो शब्द इंग्रजी आहे याची मला कल्पनाच नव्हती. ब्रेकमधली हवा काढतात ते ब्लीडिंग, आणि इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाखालची हवा काढून केबिनकडे वळवतात ती ब्लीड एअर, हे उमगले आणि माझ्या डोक्यातला रक्तस्राव एकदाचा थांबला. पत्र्यावरचा ओरखडा, पोचा आणि तडा यांना तीन वेगळे शब्द का हवेत, हेही आपण घोकून घेतले नाहीत. पहिले दोन ठरावीक मापापर्यंत चालवून घेता येतात, तडा सहसा नाही, एवढे सांगून माझे बोट त्या पत्र्यावरून फिरवलेत. विमानांच्या मॅन्युअलसाठी १९८६ पासून सोप्या इंग्रजीचे नियम आहेत आणि त्यांत ‘फॉलो’चा अर्थ केवळ ‘मागोमाग येणे’ असा बांधून टाकला आहे, सूचना पाळण्यासाठी ‘ओबे’ हा निराळा शब्द आहे, हे ऐकून तर मला फार धीर आला. म्हणजे ही भाषा माझ्यासारख्यांचाही विचार करून घडवलेली होती!

ज्ञान पुष्कळांकडे असते. समोरच्यालाही काही येत असेल असे धरून चालण्याचा सभ्यपणा दुर्मीळ, आणि त्याला ना पदवी लागते ना पगार.

निकाल सांगायला घरी गेले, तेव्हा त्या वहीची गोष्टही बाबांना सांगितली. पान्यावरचे ग्रीस पुसत त्यांनी एवढेच विचारले, “मग, मात्रा बरोबर दिली का बाईंनी?”

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी