बुडालेल्या जहाजांना आधी संरक्षण द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजांचा विषय निघाला की चर्चा बहुधा नाण्यांवर आणि पर्यटनावर येऊन थांबते. त्या अवशेषांची राखण कोणी करायची, हा प्रश्न बाजूलाच राहतो. त्या दृष्टीने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सापडलेल्या एका डच युद्धनौकेचा इतिहास आपल्या राज्यकर्त्यांनी नजरेखालून घालावा, म्हणून हे पत्र.

‘क्लाइन हॉलंडिया’ ही १६५६ मध्ये बांधलेली रॉटरडॅमच्या आरमाराची नौका. १६७२ च्या मार्चमध्ये ती भूमध्य समुद्रातून परतणाऱ्या डच व्यापारी ताफ्याच्या रक्षणाला होती. युद्ध अजून जाहीरही झाले नव्हते, तरी रॉबर्ट होम्स यांच्या इंग्रज तुकडीने वाइट बेटाजवळ त्या ताफ्यावर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशीच्या झुंजीत नौकेचा कप्तान यान व्हान नेस मारला गेला, इंग्रजांनी नौका काबीज केली, आणि थोड्याच वेळात दोन्ही देशांच्या खलाशांना घेऊन ती तळाला गेली. २०१९ मध्ये ईस्टबर्नजवळ, सुमारे ३२ मीटर खोलीवर, तिचे अवशेष सापडले तेव्हा लाकडी सांगाड्याचा बराचसा भाग, तोफा, इटलीची मातीची भांडी आणि तिथल्याच काराराच्या परिसरातील खाणींतून काढलेल्या संगमरवराच्या फरश्या तिथे होत्या. असल्या फरश्या हॉलंडमधील धनिकांच्या घरांत बसवल्या जात. म्हणजे व्यापाऱ्यांना संरक्षण देणारी ही नौका स्वतःही माल वाहून नेत होती.

ही नौका कोणती, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. जुनी दफ्तरे चाळून आणि लाकडातील वार्षिक वलये तपासून ओळख पटवली गेली, आणि नाव जाहीर झाले ते थेट जानेवारी २०२३ मध्ये. कायद्याचे संरक्षण मात्र तिला २०१९ मध्येच, अनामिक असतानाच मिळाले होते. त्या कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय बुडी मारता येत नाही. असे संरक्षण नसले की काय होते, याचा अनुभवही डचांनाच आला आहे. जावाच्या समुद्रात फेब्रुवारी १९४२ मध्ये बुडालेल्या ‘डे रॉयटर’ आणि ‘जावा’ या त्यांच्या क्रूझर २००२ मध्ये सापडल्या, आणि २०१६ च्या पाहणीत समुद्रतळावर त्यांच्या जागी केवळ खड्डे दिसले. भंगारासाठी लोखंड काढणाऱ्यांनी अख्ख्या युद्धनौका नाहीशा केल्या होत्या, आणि त्या शेकडो नौसैनिकांच्या कबरी होत्या.

आता आपल्याकडे पाहू. डचांनी १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याची नाकेबंदी केली आणि सप्टेंबर १६३९ मध्ये मुरगावच्या बंदरात शिरून पोर्तुगीजांची तीन गॅलिऑन, म्हणजे मोठी शिडाची जहाजे, जाळली. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी गोव्याच्या समुद्रातील सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफांबरोबर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि ब्रह्मदेशातील मार्तबानच्या रांजणांचे तुकडे तिथे मिळाले. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या एकोणिसाव्या शतकातील जहाजात तर बासेल मिशनची कौले होती. कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज हटवण्यासाठी बारा वर्षे फायली हलत राहिल्या, कारण ते रोज डोळ्यांना खुपत होते, पाण्याखालच्या जहाजांना ती सोय नाही. शिवाय आपल्या उष्ण पाण्यात लाकूड पोखरणारे जीव फार वेगाने काम करतात आणि पावसाळ्यात उथळ खडकांवर लाटांचा मार बसतो, त्यामुळे जे उरले आहे ते बव्हंशी धातूचे, दगडाचे किंवा भाजलेल्या मातीचे आहे. नेमक्या याच वस्तू हौशी पाणबुड्याला सहज उचलून नेता येतात.

डायव्हिंगच्या व्यवसायाला माझा विरोध नाही. उलट तळाशी काय बदलले, हे त्या लोकांइतके आणि जाळी अडकल्याने जागा तोंडपाठ झालेल्या मच्छीमारांइतके दुसऱ्या कोणाला कळणार? ईस्टबर्नची नौकादेखील कार्यालयात बसून सापडली नाही. मात्र माहिती देणाऱ्या मच्छीमाराच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागणार असेल, तर तो गप्पच बसेल.

म्हणून सरकारकडे मागणे असे, की समुद्रविज्ञान संस्थेने नोंदवलेल्या जागा, जहाजाचे नाव निश्चित होण्याची वाट न पाहता, पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित म्हणून जाहीर कराव्यात. तिथे नांगर टाकण्यास आणि विनापरवाना बुडी मारण्यास मनाई असावी. आणि डायव्हिंगचे परवाने देताना वस्तूंना हात न लावता नोंद करण्याचे प्रशिक्षण ही अट घालावी. ओळख पटवण्याचे काम पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज दफ्तरांवरून सावकाश चालू राहू शकते. पर्यटनाचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. निदान सुंची खडकापुरता आदेश त्यापूर्वी निघावा.

आपला,
एक वाचक, सांकवाळ