डोमेनचा भाव ठरवताना गिऱ्हाईक कोण ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, स्वस्तात घ्यायची अन् महागात विकायची हे आमच्या इंदूरच्या पोरांनी सध्या फारच मनावर घेतलंय, त्याबद्दल लिहितेय. मी इथेच छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवते, डोमेन घेणं, रिन्यू करणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे विकणारा आणि विकत घेणारा दोघंही माझ्याकडे येतात. भंवरकुआ, विजयनगरकडची पोरं भेटली की मोबाइलवर यादी दाखवतात, ताई ही बघा आमची नावं, एकेकाचे लाखभर तरी येतील ना. लाखभर कशावरून, तर अप्रेझल टूलने, म्हणजे नावाचा अंदाजे भाव सांगणाऱ्या वेबसाइटने, सांगितलं म्हणून.

हे टूल बघतं काय, तर नावात अक्षरं किती, शब्द कुठला, शेवटी डॉट कॉम आहे की डॉट इन, आणि तसल्या नावांची आधी कुठे विक्री झालीये का. एवढ्यावर ते आकडा फेकतं. ते नाव घ्यायला प्रत्यक्षात कोणी उभं आहे का हे त्याला कळायला मार्गच नाही, आणि भाव तर सगळा त्यावरच ठरतो. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरला, हे आकडे खरे आहेत, पण ते एका सोप्या इंग्रजी शब्दाचं डॉट कॉम, त्याला जगभरातून गिऱ्हाईक. आपली पोरं घेतात इंदूर आणि पुढे कॅटरर्स, इंदूर आणि पुढे फ्लॅट्स. त्याला गिऱ्हाईक कोण तर शहरातलेच कॅटरर्स, त्यातल्या बहुतेकांचं व्हॉट्सॲप आणि गूगल मॅपवर भागतंय, आणि उरलेल्यातला एखादा आलाच आणि तुम्ही त्याला साठ हजार सांगितले तर तो मधे एक शब्द घालतो नाहीतर डॉट इन घेतो आणि हजाराच्या आसपास मोकळा होतो. म्हणजे तुमच्या नावाचा भाव किती, तर त्या दुसऱ्या नावापेक्षा तुमचं नाव त्याला जेवढं जास्तीचं काम मिळवून देईल तेवढाच. एखाद्या मुंजीची किंवा साखरपुड्याची ऑर्डर पार पडल्यावर त्याच्या हातात काय उरतं ते त्यालाच विचारा, अशा नावाला मी पाच-दहा हजार म्हणेन, फार तर पंधरा, त्याच्या वर सांगणारच नाही.

आता विकणाऱ्याची बाजू, कारण तीही खरी आहे. सगळी डॉट कॉम नावं सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रत्येक नावामागचा वर्षाचा दर १०.२६ डॉलर केला, त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपल्याला नाव देणाऱ्या कंपनीचा, वाटा आणि टॅक्स, म्हणजे पहिल्या वर्षी ऑफरमध्ये शंभर-दोनशेला मिळालेलं नाव पुढच्या वर्षी हजाराच्या वर जातं. शंभर नावं धरून बसलात तर वर्षाला लाखाच्या वर नुसतं रिन्यूअल. आणि या धंद्यात मुरलेले लोक सांगतात की चांगल्या यादीतली सुद्धा वर्षाला शंभरात एखाद-दोन विकली जातात. म्हणजे विकल्या गेलेल्या त्या एका नावाने बाकी नव्याण्णवांचं भाडं भरायचं असतं, म्हणूनच जाणकार माणूस चांगल्या नावाला दोन-तीन हजार डॉलर मागतो, ती हाव नाही, सरळ हिशोब आहे. पण हाच हिशोब दहा हजाराच्या गिऱ्हाइकाच्या नावावर केला तर तो कधीच बसणार नाही, आणि पोरं नेमकी तिथेच आईबापाचे पैसे घालतायत याचं मला वाईट वाटतं. अशी नावं घेऊच नका. आणि घेतलेली असतील तर पुढच्या रिन्यूअलला सोडून द्या. (डॉट भारत २०१४ पासून मिळतंय, आपल्या लिपीतलं नाव मला मनापासून आवडतं, स्वतःच्या धंद्याला जरूर घ्या, पण पुन्हा विकायला म्हणून घेऊ नका, त्याला आज बाजार नाही.)

दुसरं म्हणजे भाव लिहून ठेवा ना! गिऱ्हाइकाने फोन केला की ही पोरं आधी विचारतात तुमचं बजेट काय, आणि मग दुकान कुठे आहे, राजवाड्याजवळ की कॉलनीत, ते बघून तोंडाला येईल तो आकडा. छोटा व्यापारी अशाने बिचकतो आणि परत फोन करत नाही. लिस्टिंगवर सरळ बाय नाऊचा भाव टाका, आपल्यासारखी नावं आधी कितीला गेली ते नेमबायोसारख्या, झालेल्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर बघून टाका, हप्त्यांची सोय द्या. पैसे एस्क्रोमधून, म्हणजे नाव हाती पडेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवून, घ्या म्हणजे नाव आधी की पैसे आधी हा घोळ राहत नाही.

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते सांगते. लोकमान्यनगरातल्या एक काकू दिवाळीचा फराळ करतात, चकली, अनारसे, चिरोटे, त्यांचे डबे पुण्या-मुंबईपर्यंत जातात. त्यांची वेबसाइट ज्याने बनवली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, नंतर त्याने काम बंद केलं, रिन्यूअलचे मेल त्यालाच जात राहिले आणि नाव सुटलं. ते कोणीतरी उचललं आणि काकूंना मेल आला, ८५ हजार द्या. त्या नावात काकूंचं आडनाव आहे हो, जगात दुसरं कोण घेणार ते? भाव काढलाय तो फक्त काकूंच्या अडचणीवरून, डब्यांवर छापलेली लेबलं, जुन्या गिऱ्हाइकांकडे पडून असलेली कार्डं, तोंडावर आलेली दिवाळी. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, डॉट कॉमची तक्रार वायपोकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे, न्यायची तर एका पंचाचीच फी १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, वकील वेगळा. असे मेल पाठवणारे मुद्दाम त्याच्या खाली आकडा ठेवतात, भांडण्यापेक्षा देऊन टाकणं स्वस्त वाटावं म्हणून. याला मी डोमेनचा धंदा म्हणत नाही, हे अडवून पैसे उकळणं आहे.

२०२४ मध्ये एकाने जिओहॉटस्टार नावाचं डोमेन आधीच घेऊन ठेवून कंपनीकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितल्याची बातमी झाली, तेव्हापासून आपल्याकडे हे हुशारीचं काम वाटायला लागलंय. पण दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव त्यालाच खर्चापेक्षा जास्त भावाने विकायला घेणं हा डोमेनच्या वादांसाठी १९९९ पासून असलेल्या यूडीआरपी नियमांत बदहेतूचा पुरावा धरला जातो, म्हणजे भाव सांगणारा तुमचा मेलच तुमच्याविरुद्ध लागतो. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे असं सांगितलंय. डॉट इनसाठी, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची, वेगळी तक्रार व्यवस्था आहे.

काकूंनी पैसे दिले नाहीत, डॉट इन घेतलं आणि लेबलं बदलली. पण अशी वेळच येऊ नये म्हणून दुकानदारांनी आजच तपासावं की डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर आहे, वेबसाइटवाल्याच्या असेल तर बदलून घ्या, तो नाही म्हणाला तर सोडू नका. ऑटो रिन्यू चालू ठेवा. डॉट कॉमची मुदत संपली तरी लगेच जात नाही, रजिस्ट्रारकडे साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलत असते, पण सगळेच तेवढी देत नाहीत आणि काही जण त्या काळातच नाव लिलावाला लावतात, नंतर ३० दिवस जास्तीची फी भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी ते सगळ्यांना खुलं होतं. एकदम १० वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात, ज्यांना झेपतं त्यांनी निदान ५ वर्षांचे भरून टाकावेत.

आपली,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर