चिमीचं उलटं पळणारं पोतं

सातारा,
रविवार

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

चिमीच्या वहीचा फोटो मिळाला. पोरीची आकडेमोड चोख आहे, पण पोतं उलटं पळालंय! ५० किलोचं पोतं २०० न्यूटन बलाने पुढे ढकललं आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, आलं उणे २. म्हणजे हमालाने हात लावला की पोतं त्याच्याच अंगावर. तुझ्या भुसार दुकानात असलं एखादं पोतं असेल तर कळव, तिकीट लावून दाखवू.

झालंय असं. गणितात गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १० धरायला सांगितलंय, त्यामुळे पोत्याचं वजन ५०० न्यूटन. स्थितिक घर्षण गुणांक, म्हणजे वस्तू जागेवर असताना घर्षण वजनाच्या जास्तीत जास्त किती पट होऊ शकतं तो आकडा, ०.६. तिने दोन्ही गुणले, ३०० आले, ते २०० मधून वजा केले आणि उरलेल्या उणे १०० ला ५० ने भागलं. क्लासवाले पहिल्याच तासाला सूत्र पाठ करून घेतात ना, त्याचा हा प्रताप. ते ३०० म्हणजे घर्षण नव्हे, घर्षणाची कमाल मर्यादा. पोतं जागेवर आहे तोवर फरशी तू जेवढं ढकलशील तेवढंच अडवते, वर एक न्यूटनही नाही. तू ५० लावलेस तर घर्षण ५०, २०० लावलेस तर २००. निव्वळ बल, म्हणजे सगळ्या बलांची बेरीज-वजाबाकी, शून्य; पोतं ढिम्म. उत्तर एवढंच होतं.

आता ३२० लाव. मर्यादा ओलांडली, पोतं सुटलं. एकदा सरकायला लागलं की गतिक घर्षण आलं, त्याचा गुणांक तिच्या पुस्तकात ०.५ दिलाय, म्हणजे घर्षण २५०. निव्वळ बल ७०, त्वरण १.४. सुरुवातीला हिसका द्यावा लागतो आणि मग काम हलकं होतं ते यामुळेच, हे तुझ्या हमालांना कुणी शिकवावं लागत नाही.

इथे चिमीला एक प्रश्न विचार. पोतं सरकत असताना जोर कमी करून बरोबर २५० वर आणला, तर ते थांबेल का? दहातली आठ पोरं ‘थांबेल’ म्हणतात. नाही थांबत. निव्वळ बल शून्य झालं म्हणजे वेग बदलायचा थांबला. पोतं आहे त्याच वेगाने सरकत राहतं. हात पूर्ण काढून घेतलास तर मात्र मागे ओढणारे २५० एकटेच उरतात. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर पोतं जेमतेम १० सेंटिमीटर जाऊन थांबतं.

आकृतीत तिने निव्वळ बलाचा वेगळा बाण काढलाय, तो खोडायला सांग. ते बल कुणी लावत नाही. तुझ्या खतावणीतली शिल्लक जशी जमा-नावे मांडल्यावरच निघते, तसं ते सगळी खरी बलं मांडून झाली की निघतं. पोत्यावर बलं चारच: वजन खाली, फरशीचा नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनात लागणारा रेटा) वर, हाताचा जोर पुढे, घर्षण मागे.

आणि या चौघांत लबाड आहे तो नॉर्मल. तो प्रत्येक वेळी वजनाइतकाच असतो असं पोरं धरून चालतात. तुझे हमाल पोत्याचे कान धरून, जरा वर उचलत ओढतात, बघितलंयस ना? तेच ३२० न्यूटन जमिनीशी ३० अंशांत वर लाव. त्यातले १६० पोतं उचलण्यात जातात, म्हणून नॉर्मल ५०० वरून ३४० वर येतो. पुढे ओढणारा भाग २७७ च उरतो, पण घर्षणाची मर्यादाही २०४ वर उतरते. पोतं सुटतं, गतिक घर्षण १७०, निव्वळ १०७, त्वरण २.१. सरळ ओढण्यापेक्षा जास्त! आता तेवढाच जोर मागून, ३० अंश खाली रेटत लाव. नॉर्मल ६६०, मर्यादा ३९६, पुढचा भाग तोच २७७. पोतं जागचं हलतसुद्धा नाही. बळ तेच, पोतं तेच, फरशीही तीच. या एका उदाहरणावर मी अख्खा तास काढतो, आणि मागच्या बाकावरचेही जागे राहतात.

तू विचारलंयस, आडवं पोतं ओढायला उभ्यापेक्षा जड जायला हवं ना, जास्त जागा टेकते म्हणून? नाही. आमाँताँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६९९ मध्येच मांडलं की घर्षण दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती जोराने रेटले जातात त्यावर ठरतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. पुढे कूलाँ या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावर बारकाईने प्रयोग केले. कोरड्या, कडक पृष्ठभागांना हे छान लागू पडतं. पोतं मऊ, फरशीवर पसरणारं, तिथे थोडं इकडेतिकडे होणार, पण परीक्षेपुरतं चिमीने ते मनावर घेऊ नये.

गुणांक स्वतः मोजायचा असेल तर तिला टेम्पोला लावायची फळी दे. फळीवर पुठ्ठ्याचा खोका ठेवायचा आणि एक टोक हळूहळू उचलत जायचं. खोका सुटला की तिथेच थांबून उचललेल्या टोकाची उंची मोजायची, तिला फळीच्या टेकलेल्या टोकापासून उचललेल्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपर्यंतच्या जमिनीवरच्या अंतराने भागायचं; आला स्थितिक गुणांक. ६० सेंटिमीटर उंची, १ मीटर अंतर, तर ०.६. खोका रिकामा ठेवून आणि साखर भरून, दोन्ही वेळा करायला सांग. उत्तर जवळपास तेच येतं. कारण मात्र तू सांगू नकोस. उतारावर वजनाचे दोन भाग पाडले की तिचं तिलाच सापडेल, आणि तो कागद मला पाठव.

वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद. इंद्रायणी तांदूळ आला असेल तर दहा किलो बाजूला काढून ठेव, पुढच्या आठवड्यात येतोय.

तुझा,
दिन्या