चकती फिरवण्याआधी तार सैल: मेंडोलिन दुरुस्त करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मेंडोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, ती नुसती तारांच्या दाबावर उभी असते, हे तुम्ही आधी सांगितलंत आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात दिलात. त्याबद्दल जाहीर आभार. जी, डी, ए, ई अशा तारांच्या चार जोड्या लावणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून तुम्ही दाखवलेलं इथे मांडतो आहोत.

तारा एकेक करूनच बदलायच्या. आठही एकदम काढल्या की घोडी सुटते आणि तिची जागा हरवते. मग बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर आणि तीच तार तिथेच दाबून निघणारा स्वर ताडून बघायचा. दाबलेला चढा लागला तर घोडी टेलपीसकडे (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडे), उतरलेला लागला तर मानेकडे. सरकवताना तारा थोड्या सैल, आणि एका वेळी केसभरच. जी आणि ई दोन्हीकडे वेगळं तपासायचं; घोडी जराशी तिरकी बसली तरी बिघडत नाही.

तारांच्या उंचीचं गणित तर फारच कामाचं. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत साधारण दीड ते दोन मिलिमीटर, ई कडे कमी, जी कडे जास्त. हा पडदा तारेच्या मधोमध येतो, म्हणून तिथे पाव मिलिमीटर उतरवायला घोडी अर्धा मिलिमीटर खाली घ्यावी लागते. घोडी वर-खाली करणाऱ्या चकत्या ताणलेल्या तारांखाली फिरवल्या की आटे जातात. पक्कड तर नकोच. चकती बोटांनी फिरत नसेल तर तारा अजून सैल करा, हे तुमचं उत्तर प्रत्येक वेळी बरोबर निघतं. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वाद्याचं पोट (घोडीखालची फळी) वर येतं, तारा उंच होतात. तेव्हा हौसेने फार खाली घेतल्या तर कोरड्या दिवसांत पडद्यांवर खरखर सुरू. जवारी, म्हणजे तारेची झणझण, सतारीला शोभते, इथे नाही.

सूर चढवताना तारा घोडीचा माथा मानेकडे ओढत नेतात. घोडीची टेलपीसकडची बाजू काटकोनात आहे का, हे दर वेळी बघायचं. कललेली असेल तर तारा थोड्या उतरवून, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून माथा हळूच मागे घ्यायचा.

खुंटी फिरते पण सूर लगेच हलत नाही, तेव्हा आधी दातेरी चाकाच्या मधला स्क्रू बघायचा. बहुधा तोच ढिला असतो. तो बेताचा आवळायचा, आणि दात्यांना शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने एक थेंब. खुंट्यांच्या पट्टीचा स्क्रू लाकडात नुसताच गरगरत असेल तर भोकात फेविकॉल लावलेली गुल काढलेली काडेपेटीची काडी बसवायची, वरून सपाट कापायची आणि रात्रभर वाळू द्यायची. लांब स्क्रू घालणं हा उपाय नव्हे. तो लाकूड चिरतो.

टेलपीसचं झाकण झणझणत असेल तर आतून फेल्टचा तुकडा. घोडीमागच्या तारा वाजत असतील तर त्यांतून चामड्याची अरुंद पट्टी, एक तार वर, एक खाली, अशी विणायची.

नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या, तारा बसवायच्या पट्टीच्या) खाचांत सूर लावताना टिकटिक झाली तर पेन्सिलचं शिसं आम्ही भरू. कानस मात्र आमच्या हाती नको. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार पहिल्या पडद्याला घासते, आणि नट नवा करावा लागतो. तेवढ्यासाठी तुमच्याकडेच येऊ.

आपले,
मेंडोलिन वाजवणारे काही जण